आवाज सगळ्यांचा, शवपेटी कुणाची? आर्चबिशप फुल्टन शीन यांचं प्रकरण

अमेरिकेतल्या दोन कॅथलिक धर्मप्रांतांमध्ये एका दिवंगत आर्चबिशपच्या पार्थिवावरून २०१४ ते २०१९ अशी पाच वर्षं रस्सीखेच चालली. दोघांनाही त्यांचा सन्मानच करायचा होता आणि दोघांची बाजू ऐकून घ्यावी अशीच होती. वाद न्यू यॉर्क राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टापर्यंत गेला, पार्थिव हललं, संतपदाच्या एक पायरी आधीच्या सोहळ्याची तारीखही जाहीर झाली आणि सोहळ्याला अठरा दिवस उरले असताना सगळं थांबलं. तेही भलत्याच कारणाने. संस्थापकाच्या, गुरूच्या किंवा गाजलेल्या वक्त्याच्या स्मृतीची व्यवस्था लावणाऱ्या कुठल्याही विश्वस्त मंडळाने हे प्रकरण एकदा नजरेखालून घालावं.

इथे डिसेंबर २०१९ पर्यंतचा घटनाक्रम घेतला आहे. सार्वजनिक पदांवरच्या व्यक्तींची नावं आहेत. कुटुंबातल्या आणि इतर खासगी व्यक्तींची मुद्दाम दिलेली नाहीत.

पार्श्वभूमी

फुल्टन जॉन शीन यांचा जन्म ८ मे १८९५ चा, इलिनॉय राज्यातल्या एल पासो नावाच्या लहानशा गावातला. पुढे कुटुंब जवळच्या पिओरिया शहरात आलं. तिथल्या सेंट मेरी कॅथेड्रलमध्ये मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी वेदीवर सेवा करणारा मुलगा २० सप्टेंबर १९१९ रोजी त्याच शहरात धर्मगुरू झाला. बेल्जियममधल्या लुवेन विद्यापीठातून तत्त्वज्ञानाची डॉक्टरेट घेऊन ते परतले, तेव्हा पिओरियाच्या बिशपनी त्यांना एका गरीब वस्तीतल्या पॅरिशमध्ये, म्हणजे तिथल्या स्थानिक चर्चच्या मंडळीत पाठवलं. एवढा शिकलेला पोरगा सांगितलेलं ऐकतो का, हे बघायचं होतं म्हणे. ऐकलं. मग वॉशिंग्टनच्या कॅथलिक युनिव्हर्सिटीत शिकवायची परवानगी मिळाली आणि १९५० पर्यंत ते तिथेच होते. त्यानंतर पिओरियात राहायला म्हणून ते कधी परतले नाहीत. पुढच्या सगळ्या वादाची एक बाजू इथेच आहे.

१९३० पासून एनबीसी रेडिओच्या ‘कॅथलिक अवर’वर त्यांचा आवाज घरोघरी पोचला. खरं प्रकरण मात्र टीव्हीवर घडलं. फेब्रुवारी १९५२ मध्ये ड्यूमाँट वाहिनीने त्यांना मंगळवारी रात्री आठची वेळ दिली. समोरच्या वाहिनीवर मिल्टन बर्ल होता, त्या काळातला सर्वात लोकप्रिय विनोदी कलाकार. म्हणजे जी वेळ कुणालाच नको होती, ती बिशपच्या पदरात टाकली. डोक्यावर छोटी टोपी, खांद्यावरून मागे सोडलेला लांब झगा, छातीवर क्रूस आणि शेजारी शाळेत असतो तसा फळा. हातात कागद नाही, समोर मजकूर दाखवणारं यंत्र नाही. फळ्याच्या माथ्यावर येशू, मरिया आणि जोसेफ यांची आद्याक्षरं लिहिलेली असत. फळा भरला की शीन बोलत बोलत दुसऱ्या बाजूला सरकत, कॅमेरा त्यांच्यामागे जाई, आणि तेवढ्यात मंचावरचा कामगार येऊन फळा पुसून जाई. परत येऊन शीन सांगत, माझ्या देवदूताने पुसला. प्रेक्षक दर आठवड्याला त्या देवदूताची वाट बघायचे.

‘लाइफ इज वर्थ लिव्हिंग’ हा कार्यक्रम १९५७ पर्यंत चालला. ज्यू, प्रोटेस्टंट, काहीच न मानणारे, सगळे बघत. एप्रिल १९५२ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर शीन होते. टीव्हीचा एमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी आपल्या चार लेखकांचे आभार मानले: मत्तय, मार्क, लूक आणि योहान, म्हणजे बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचे लेखक. कार्यक्रमातून येणारा पैसा मिशनकार्याकडे जात असे, कारण १९५० पासून ते श्रद्धाप्रसार संस्थेचे अमेरिकेतले राष्ट्रीय संचालक होते.

१९५१ मध्ये ते न्यू यॉर्कचे सहायक बिशप झाले आणि तिथले कार्डिनल फ्रान्सिस स्पेलमन यांच्याशी त्यांचं बिनसलं. कारण पैशाचं होतं. सरकारकडून मिळालेल्या दूध भुकटीच्या हिशोबावरून गोष्ट थेट पोपपर्यंत गेली असं त्यांचे चरित्रकार लिहितात. १९६६ मध्ये त्यांना न्यू यॉर्क राज्यातल्याच रोचेस्टर शहराचे बिशप म्हणून पाठवण्यात आलं. बढती म्हणायची की हकालपट्टी, हे ज्याचं त्याने ठरवावं. तिथे तीन वर्षंही पूर्ण झाली नाहीत. १९६८ मध्ये त्यांनी एक चालू चर्च गरिबांच्या घरांसाठी सरकारला देऊ केलं, तेही तिथल्या पॅरिशला न विचारता. लोक रस्त्यावर उतरले, निर्णय मागे घ्यावा लागला. वक्ता असामान्य, प्रशासक कच्चा. हे रोचेस्टर नीट लक्षात ठेवायला हवं.

२ ऑक्टोबर १९७९ रोजी न्यू यॉर्कच्या सेंट पॅट्रिक कॅथेड्रलमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ८४ वर्षांच्या शीन यांना सर्वांसमोर मिठी मारली. दोन महिन्यांनी, ९ डिसेंबरला, न्यू यॉर्कमधल्या राहत्या घरच्या छोट्या चॅपेलमध्ये, पवित्र साक्रामेंतासमोरच (येशूचं शरीर मानल्या जाणाऱ्या पवित्र भाकरीसमोर) त्यांनी प्राण सोडला.

अडचण कुठे सुरू झाली

मृत्युपत्रात शीन यांनी दफनाची जागा लिहून ठेवली होती: क्वीन्स भागातली कॅल्व्हरी दफनभूमी, न्यू यॉर्क महाधर्मप्रांताची अधिकृत दफनभूमी. पण तेव्हाचे कार्डिनल टेरेन्स कुक यांना वाटलं, एवढ्या मोठ्या माणसाला साध्या दफनभूमीत कसं ठेवायचं? त्यांनी जवळची नातेवाईक असलेल्या पुतणीला विचारलं. ती हो म्हणाली. शीन यांना सेंट पॅट्रिकच्या मुख्य वेदीखालच्या तळघरात ठेवण्यात आलं.

त्या दिवशी यात कुणाला काही गैर दिसलं नाही, आणि दिसायचं कारणही नव्हतं. पण दोन गोष्टी होऊन बसल्या. मृताची लिखित इच्छा बाजूला ठेवली गेली, आणि ती बाजूला ठेवण्याचा अधिकार पुतणीकडे आहे हे न्यू यॉर्कने स्वतःच मान्य केलं. सदतीस वर्षांनी कोर्टात न्यू यॉर्क त्याच मृत्युपत्राकडे बोट दाखवणार होतं आणि तीच पुतणी समोर उभी राहणार होती.

दुसरी गाठ २००२ ची. चर्चच्या १९८३ च्या नियमांनुसार एखाद्याला संत ठरवण्याची चौकशी ज्या धर्मप्रांतात तो वारला तिथल्या बिशपच्या अधिकारात येते. म्हणजे हे काम न्यू यॉर्कचं. शीन यांच्या चाहत्यांनी १९९८ मध्ये एक प्रतिष्ठान काढलं होतं, पण न्यू यॉर्कने पुढाकार घेतला नाही. मग पिओरियाचे बिशप डॅनियल जेंकी पुढे आले आणि न्यू यॉर्कच्या संमतीने चौकशी पिओरियाकडे गेली. अधिकार गेला, पार्थिव जागेवरच राहिलं.

पिओरियाचं म्हणणं असं की योग्य वेळी पार्थिव देऊ असं न्यू यॉर्ककडून जेंकी यांना एकदा नव्हे, अनेकदा सांगण्यात आलं होतं. न्यू यॉर्कने असं काही ठरल्याचं मान्य केलं नाही. कागद कुणीच पुढे ठेवला नाही. शब्दावर व्यवहार करायला हरकत नसते, पण शब्द देणारा पदावर असेपर्यंतच. चौकशी सुरू झाली तेव्हा न्यू यॉर्कला कार्डिनल एडवर्ड इगन होते. २००९ पासून टिमथी डोलन आले. वाद पेटला तो डोलन यांच्या काळात.

मधल्या काळात पिओरियाने मात्र मान मोडून काम केलं. साक्षी गोळा झाल्या, शीन यांचं सगळं लेखन तपासलं गेलं, कागदपत्रांची खोकी रोमला गेली. २८ जून २०१२ रोजी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना ‘पूजनीय’ घोषित केलं. पुढची पायरी ‘धन्य’, आणि त्यासाठी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो. सप्टेंबर २०१० मध्ये पिओरियाजवळच्या एका गावात मूल निपचित जन्मलं. ६१ मिनिटं नाडी नव्हती. आईवडिलांनी शीन यांचा धावा केला होता. डॉक्टर मृत्यू घोषित करण्याच्या बेतात असताना ठोके सुरू झाले आणि मूल पुढे धडधाकट वाढलं. मार्च २०१४ मध्ये रोमच्या वैद्यकीय मंडळाने याचं नैसर्गिक स्पष्टीकरण सापडत नसल्याचं म्हटलं, जूनमध्ये धर्मपंडितांनी दुजोरा दिला. आता ‘धन्य’ पद हाताशी आलं, आणि पार्थिवाचा प्रश्न टाळता येईना.

पार्थिव एवढं का महत्त्वाचं

कॅथलिक परंपरेबाहेरच्या वाचकाला इथे थांबावंसं वाटेल. धन्य घोषित करण्याआधी पार्थिवाची अधिकृत पाहणी करण्याची आणि अवशेष वेगळे काढण्याची प्रथा आहे. ते वेदीत ठेवले जातात, चर्चांना दिले जातात. गोव्यात हे सांगावं लागत नाही. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचं पार्थिव जुन्या गोव्यात बॉम जेझू बॅसिलिकात आहे, पण त्यांच्या उजव्या हाताचा कोपरापासूनचा भाग १६१४ मध्ये रोमला नेला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. पंढरीची वाट जशी विठ्ठलाच्या पायांशीच संपते, तशी त्या वेदीची ओढ भाविकाला असते. फोटो किंवा पुतळा पुरत नाही.

पण पार्थिवावाचून सगळं अडतंच असंही नाही. बाणावलीत जन्मलेले फादर जोसेफ वाझ १७११ मध्ये श्रीलंकेत कँडीला वारले. त्यांची कबर नेमकी कुठे हे आज कुणाला माहीत नाही. तरी १९९५ मध्ये ते धन्य झाले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी कोलंबोत पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केलं. शीन यांच्यावरून अमेरिकेत ओढाताण चालू होती, नेमक्या त्याच काळात.

पुढे आलेले पर्याय

२०१४ च्या उन्हाळ्यात टेबलावर काय काय होतं, ते बघू.

पहिला पर्याय सर्वात सोपा: पार्थिव न्यू यॉर्कलाच राहू दे, पाहणी तिथेच करा, थोडे अवशेष पिओरियाला द्या. डोलन यांना पार्थिवाचे तुकडे करायला स्पष्ट विरोध होता. शवपेटीत जपमाळ वगैरे ज्या वस्तू असतील त्या पिओरियाला उदारपणे देऊ, इथवर त्यांची तयारी होती. आधुनिक माणसाला हे सुसंस्कृत वाटतं. पण बारा वर्षं चौकशीचा खर्च आणि खटाटोप करणाऱ्या धर्मप्रांताला जपमाळ देऊन वाटेला लावणं, हेही बघायला हवं.

दुसरा पर्याय न्यू यॉर्कने बोलून दाखवला: पिओरियाला पुढे जमत नसेल तर चौकशी आम्ही हातात घेतो. नियमाने ती त्यांचीच होती. पिओरियाला मात्र हे मीठ चोळल्यासारखं वाटलं असणार. स्वयंपाक होईपर्यंत फिरकायचं नाही आणि पानं मांडली की यजमानपद मागायचं.

तिसरा: रोमने सांगावं. डोलन यांची भूमिका होती की व्हॅटिकनचा आदेश आणि कुटुंबाची इच्छा असल्याशिवाय कबर उघडणार नाही. रोमने जाहीर आदेश काढला नाही. दोन बिशपांच्या भांडणात वरिष्ठ शक्यतो हात घालत नाहीत. आपसांत मिटवा म्हणतात. इथे ते मिटलं नाही.

चौथा: थांबणं. पदावरची माणसं बदलतात, ताठा उतरतो.

पाचवा, न्यायालय. सुरुवातीला तो कुणाच्या यादीत नसावा. धर्मप्रांताने धर्मप्रांतावर दिवाणी दावा लावायचा म्हणजे शोभाच. पण न्यू यॉर्कच्या कायद्यात एक वाट होती. पुरलेलं पार्थिव हलवायचं आणि दफनस्थळाचा मालक संमती देत नसेल, तर जवळचा नातेवाईक न्यायालयाकडे परवानगी मागू शकतो. म्हणजे पिओरियाला स्वतः पुढे यायची गरजच नव्हती.

आणखी एक पर्याय होता, ज्याचा कुणी गंभीरपणे विचार केलेला दिसत नाही. वाझ यांच्यासारखं, अवशेषांचा प्रश्न बाजूला ठेवून ‘धन्य’ पदाचा सोहळा उरकणं आणि पार्थिवाचं नंतर बघणं. पिओरियाच्या मनात तेव्हा सोहळा आणि कबर ही एकच गोष्ट झाली होती असं मला वाटतं. कॅथेड्रलमध्ये कबर म्हणजे यात्रा आणि शहराच्या नावाला वजन, हा हिशोब त्यात नसेलच असं म्हणायला मी धजणार नाही. त्यात वाईट काही नाही. फक्त तो उघड मांडला असता तर बोलणी सोपी झाली असती.

काय केलं गेलं

३ सप्टेंबर २०१४ रोजी जेंकी यांनी चौकशी अनिश्चित काळासाठी स्थगित केल्याचं जाहीर केलं आणि त्याचं कारण म्हणून न्यू यॉर्कचं नाव घेतलं. हा पहिला खरा निर्णायक क्षण. तोवर जे बंद दाराआड होतं ते वर्तमानपत्रांत आलं. पाठीराख्यांची गटबाजी सुरू झाली. न्यू यॉर्ककडून उत्तर आलं की शीन यांची स्वतःची इच्छा न्यू यॉर्कमध्येच राहण्याची होती आणि जवळच्या नातेवाइकांनाही तेच हवं आहे. एकदा दोन्ही बाजू छापून आल्यावर मागे येणं कुणालाच जमेना.

दीड-पावणेदोन वर्षांनी चित्र फिरलं. जून २०१६ मध्ये पुतणीच कोर्टात गेली. १९७९ मध्ये कार्डिनल कुक यांना होकार देणारी. काकांना संतपद मिळायचं असेल तर त्यांना पिओरियाला जाऊ द्या, एवढीच तिची मागणी.

दावा न्यू यॉर्क राज्याच्या सुप्रीम कोर्टात दाखल झाला. नाव मोठं असलं तरी त्या राज्यात हे खालचं कोर्ट आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती आर्लीन ब्लूथ यांनी पुतणीच्या बाजूने निकाल दिला. महाधर्मप्रांत अपिलात गेला. फेब्रुवारी २०१८ मध्ये अपील खंडपीठाने तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल फिरवला. शीन यांच्या जवळच्या एका धर्मगुरूने शपथपत्रात सांगितलं होतं की मरणानंतरही न्यू यॉर्कमध्येच राहायचं असं ते बोलून दाखवत. बहुमताचं म्हणणं असं की मृताची इच्छा नेमकी काय होती हे साक्षीपुरावा ऐकल्याशिवाय ठरवू नये. प्रकरण परत खाली आलं. जूनमध्ये ब्लूथ यांनी पुन्हा पुतणीच्याच बाजूने कौल दिला, मार्च २०१९ मध्ये अपील खंडपीठाने तो एकमताने कायम केला आणि जूनमध्ये राज्याच्या सर्वात वरच्या कोर्टाने महाधर्मप्रांताचं म्हणणं ऐकायला नकार दिला.

या सगळ्यात न्यू यॉर्कची बाजू मला नेहमी एका ठिकाणी लंगडी वाटत आली. मृत्युपत्रात लिहिलंय म्हणून न्यू यॉर्क सोडायचं नाही, हा त्यांचा आग्रह. पण मृत्युपत्रात कॅल्व्हरी लिहिलंय. तिथे तर शीन कधी गेलेच नाहीत. इच्छा पाळायची तर पूर्ण पाळा, नाही तर कुटुंबाचं ऐका, जसं १९७९ मध्ये ऐकलं.

२७ जून २०१९ रोजी सेंट पॅट्रिकच्या तळघरातून शवपेटी निघाली. विमानाने शिकागो, तिथून रस्त्याने पिओरिया. ज्या कॅथेड्रलमध्ये पोरवयात त्यांनी वेदीवर सेवा केली, तिथेच निरंतर साहाय्य मातेच्या बाजूच्या वेदीपाशी नव्या संगमरवरी कबरीत त्यांना ठेवण्यात आलं. दहा दिवसांच्या आत पोप फ्रान्सिस यांनी चमत्काराला मान्यता दिल्याचं जाहीर झालं. रोमची फाइल पाच वर्षं कशासाठी अडून होती, हे यातून पुरेसं कळतं.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०१९ मध्ये पिओरियाने तारीख जाहीर केली: २१ डिसेंबर. जेंकी यांची इच्छा होती की शीन यांच्या दीक्षेच्या शंभराव्या वर्षातच सोहळा व्हावा. वर्ष संपायला आलं होतं, म्हणून घाई. भाविक तिकिटं काढू लागले, कॅथेड्रलची तयारी सुरू झाली.

३ डिसेंबरला पिओरियाकडून निवेदन आलं: अमेरिकेतल्या काही बिशपांच्या विनंतीवरून व्हॅटिकनने सोहळा पुढे ढकलला आहे. दोन दिवसांनी रोचेस्टर धर्मप्रांताने सांगितलं की चिंता त्यांनी कळवली होती, आणि तीही तारीख जाहीर होण्याआधी. शीन तिथे बिशप असताना, लैंगिक अत्याचाराचे आरोप असलेल्या धर्मगुरूंच्या नेमणुकांबाबत त्यांनी काय निर्णय घेतले होते, याची आणखी तपासणी व्हावी असं रोचेस्टरचं म्हणणं. पिओरियाने उत्तर दिलं की ही प्रकरणं आधीच तपासली आहेत आणि शीन यांच्याकडून कसूर झालेली नाही. शीन यांनी स्वतः अत्याचार केल्याचा आरोप कुणीच केलेला नव्हता. प्रश्न होता तो प्रशासक म्हणून केलेल्या सह्यांचा.

वेळ बघा. न्यू यॉर्क राज्यात बालपीडितांसाठीचा नवा कायदा होऊन ऑगस्ट २०१९ पासून जुन्या प्रकरणांतही दावे लावण्याची मुभा मिळाली होती. सप्टेंबरमध्ये रोचेस्टर धर्मप्रांताने दिवाळखोरीचा अर्ज केला, राज्यातला पहिला धर्मप्रांत. राज्याच्या अॅटर्नी जनरलची चौकशी चालू होतीच. अशा वेळी डिसेंबरात माजी बिशपला ‘धन्य’ घोषित करायचं आणि जानेवारीत त्यांच्या सहीचा एखादा कागद बाहेर यायचा, ही भीती अगदीच हवेतली नव्हती.

पार्थिव पिओरियात आलं, चमत्कार मान्य झाला, आणि २०१९ संपलं तेव्हा शीन ‘पूजनीय’च होते.

वेगळं काय करता आलं असतं

२००२ चा करार. चौकशीचा अधिकार देताना पार्थिव, अवशेष, कागदपत्रं आणि खर्च या चार गोष्टींवर दोन पानांचा लेखी समझोता करून त्याची प्रत रोमला दिली असती, तर निदान कोर्टाचा खर्च वाचला असता. दोन्हीकडे सद्भावना असतानाच हे करायचं असतं. भांडण सुरू झाल्यावर असा कागद कुणी सही करत नाही.

२०१४ चं निवेदन. स्थगिती द्यायची होती तर द्यावी, पण दोष देणारं वाक्य गाळता आलं असतं. जेंकी यांचा संताप समजण्यासारखा आहे, पण त्या एका वाक्याने डोलन यांच्यासाठी माघारीची वाट बंद केली. माझ्या मते पहिल्या फेरीत मध्यस्थ म्हणून रोमने नेमलेला तिसरा बिशप मागायला हवा होता. मागितल्याचं निदान उघडपणे तरी दिसत नाही.

न्यू यॉर्ककडे सन्मानाचा वेगळा मार्ग आधीपासून होता आणि त्याच काळात तो त्यांनी वापरलाही. मॅनहॅटनमधल्या ब्लीकर स्ट्रीटवर महाधर्मप्रांताने शीन सेंटर काढलं: नाटकं, संगीत, व्याख्यानं. टीव्हीवर माणसं जोडणाऱ्या माणसाचं स्मारक म्हणून हे कुठल्याही कबरीपेक्षा जास्त शोभतं, हे माझं मत. ‘कबर पिओरियाला, व्यासपीठ आमच्याकडे’ असं न्यू यॉर्कने २०१४ मध्येच म्हटलं असतं तर दोन्ही शहरांना सन्मानाने घरी जाता आलं असतं. शीन यांची रेडिओवरची भाषणं आणि टीव्हीचे भाग आजही जगभर ऐकले-बघितले जातात. त्या वारशावर हक्क सांगायला कुणालाच पार्थिवाची गरज नव्हती.

पुतणीचं काय, हा प्रश्न बहुतेक लेखांत येत नाही. नव्वदीकडे झुकलेल्या बाईला तीन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, कारण कायद्याने दाराची किल्ली तिच्या हातात दिली होती आणि बाकीच्यांना ती हवी होती. संस्थांनी अशा वेळी नातेवाइकाला पुढे करण्याआधी त्याला स्वतंत्र वकील आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक आहे ना, हे बघायला हवं. डिसेंबर २०१७ मध्ये व्हॅटिकनने अवशेषांबाबत नव्या सूचना काढल्या, त्यात वारसांची संमती आणि स्थानिक नागरी कायदा या दोन्हींवर भर आहे. ते वेळेवरचं पाऊल होतं. या प्रकरणाला मात्र उशीर झाला होता.

शेवटी रोचेस्टर. शीन यांनी आयुष्यात एकच धर्मप्रांत स्वतःच्या अधिकारात चालवला, तोही जेमतेम तीन वर्षं. त्यांच्याबद्दल कुणी अवघड प्रश्न विचारणार असेल तर तो तिथूनच येणार, हे २००२ मध्येच, बॉस्टनमधलं धर्मगुरूंच्या लैंगिक अत्याचारांचं प्रकरण बाहेर आलं त्याच वर्षी, ओळखता आलं असतं. तिथल्या नेमणुकांच्या फायली रोचेस्टरच्या सहभागाने, बाहेरचा तपासनीस नेमून सुरुवातीलाच बघायला हव्या होत्या. त्याऐवजी सगळी ताकद तळघरातल्या शवपेटीवर खर्च झाली आणि कागदपत्रांचा प्रश्न सोहळ्याच्या तोंडावर आला. रोचेस्टरची चिंता आधीच कळलेली असताना नोव्हेंबरात तारीख जाहीर करण्याची निकडही नव्हती. २०१९ ऐवजी २०२० किंवा त्यानंतरचं कुठलंही वर्ष चाललं असतं. दीक्षेचं शंभरावं वर्ष हुकलं असतं, इतकंच.